कधी उपाशी, कधी तुडुंब: चरबीचे आणि स्नायूंचे काय होते?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या गावातल्या दोन पिढ्यांना सूर्यनमस्कार आणि मल्लखांब शिकवला. व्यायामशाळेत नव्याने आलेल्या मुलाला ते आधी वजन विचारत नसत. काल दिवसभरात काय खाल्लेस आणि केव्हा खाल्लेस, हे विचारत. मी आज त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

समजा, एक माणूस रोज दोन हजार कॅलरी खातो. दुसरा एक दिवस काही खात नाही आणि दुसऱ्या दिवशी चार हजार कॅलरी खातो. पंधरवड्याची बेरीज केली तर दोघांनी सारखेच खाल्ले. मग दोघांची शरीरेही सारखीच राहतील का? आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात हा प्रश्न रोजचा आहे. सोमवार, संकष्टी, एकादशी धरणाऱ्या बायका आहेत. नाश्ता न करता गाडी पकडणारे आणि रात्री दहाला ताटभर जेवणारे नोकरदार आहेत. सोळा तास उपाशी राहून आठ तासांत सगळे खाणारी तरुण मुले आहेत. आणि स्वतःची इच्छा नसताना कधी खाणारी, कधी न खाणारी माणसे तर फार मोठ्या संख्येने आहेत.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. वजनावर फारसा फरक दिसणार नाही, पण शरीर सारखे राहील याची खात्री नाही. खाण्यातल्या चढउताराची किंमत मुख्यतः स्नायूंकडून वसूल होते. ती किती वसूल होईल हे तीन गोष्टींवर ठरते: एकूण अन्न पुरेसे आहे का, त्यात प्रथिने आहेत का, आणि स्नायूंना रोज काम मिळते का. 

इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात आयन टेम्पलमन, जेम्स बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न प्रयोगाला लावला. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. अंगाने सडपातळ, निरोगी अशी ३६ माणसे त्यांनी घेतली आणि तीन गट केले. पहिल्या गटाने रोज आपल्या नेहमीच्या आहाराच्या ७५ टक्के खायचे. दुसऱ्याने एक दिवस पूर्ण उपास करायचा आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या दीडपट खायचे. म्हणजे सरासरी तीच, ७५ टक्के. तिसऱ्याने एक दिवस उपास आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट. म्हणजे सरासरीत काहीच घट नाही. असे तीन आठवडे चालले.

रोज थोडे कमी खाणाऱ्यांचे वजन सरासरी १.९ किलोने उतरले आणि त्यातले जवळजवळ सगळे चरबीचे होते. आलटूनपालटून उपास करणाऱ्या दुसऱ्या गटाचे वजन १.६ किलोने उतरले. आकडा जवळपास तोच. पण त्यातली चरबी निम्म्याहून कमी होती. उरलेली घट चरबी सोडून शरीरात जे असते, त्या भागातून झाली. त्यात स्नायू येतात, पाणीही येते. तिसऱ्या गटात उपास करूनही चरबीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उपासाच्या गटातली माणसे दिवसभरात हालचालही कमी करू लागली होती. त्यांना कोणी तसे सांगितले नव्हते. शरीराने आपणहून काटकसर सुरू केली.

प्रयोग लहान होता, तीनच आठवड्यांचा होता, आणि त्यात मुद्दाम व्यायाम करवला नव्हता. या मर्यादा मी नजरेआड करत नाही. तरी दोन गटांना सारख्याच कॅलरी दिल्या आणि फक्त त्यांची वाटणी बदलली, एवढ्याने घटलेल्या वजनाचे स्वरूप बदलले. वजनकाट्यापुढे उभे राहणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे असे मला वाटते.

असे का होते, हे समजायला शरीरातल्या साठ्यांकडे पाहू. जेवण झाले की पिष्टमय पदार्थांची साखर होते आणि तिचा काही भाग ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठतो. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. स्नायूंतला साठा स्नायूच वापरतात. रक्तातली साखर टिकवायला यकृतातलाच कामी येतो. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. त्यामुळे रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या रात्रीपर्यंत काही खाल्ले नाही, तर यकृताचा साठा जवळजवळ रिकामा होतो. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. उपासाच्या पहिल्या दोन दिवसांत काटा झरझर खाली येतो, तो मुख्यतः हे पाणी गेल्यामुळे. जेवण सुरू झाले की ते परत येते.

यकृतातला साठा संपू लागला की शरीर चरबी जाळते. एक किलो चरबीच्या पेशीजालात सुमारे ७,७०० कॅलरी असतात, म्हणून सडपातळ माणसाकडेही कित्येक आठवड्यांचा साठा असतो. पण चरबीतल्या मेदाम्लांपासून माणसाचे शरीर ग्लुकोज बनवू शकत नाही आणि मेंदूला पहिल्या दिवसांत ग्लुकोजच हवे असते. ते प्रथिनांतून येते. चरबी ही भरलेली कणगी आहे. प्रथिनांना कणगीच नाही, ती काढायची तर घराच्या वाशातून काढावी लागतात.

हार्वर्डचे जॉर्ज केहिल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६०च्या दशकात दीर्घ उपवासाचा सखोल अभ्यास केला. त्यांच्या मांडणीप्रमाणे पूर्ण उपासाच्या पहिल्या दिवसांत रोज ७५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मोडली जातात. स्नायूंत प्रथिनांचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा, बाकी बहुतेक पाणी; म्हणजे ओल्या स्नायूच्या हिशेबाने ही घट पाव किलोच्या पुढे जाते. पुढे उपास लांबला की यकृत चरबीपासून कीटोन बनवते, मेंदू ते इंधन वापरायला शिकतो आणि काही आठवड्यांनी प्रथिनांची मोड २० ग्रॅमच्या आसपास येते. स्नायू राखण्याची ही व्यवस्था विलक्षण आहे, पण ती बसायला वेळ लागतो. एक दिवसाचा उपास करणारा माणूस तिथवर पोचतच नाही. तो दर वेळी महागड्या पहिल्या दिवसाचीच किंमत भरतो. दुसऱ्या दिवशी पुरेशी प्रथिने खाल्ली आणि अंगमेहनत केली तर ही तूट भरून येते. अडचण अशी की उपास सोडताना ताटात बहुतेक वेळा गोड आणि पिष्टच जास्त असते.

आता तुम्ही विचाराल, आलटूनपालटून उपास करून पुष्कळ लोक बारीक झाले, त्यांचे काय? झालेच आहेत. शिकागोमध्ये क्रिस्टा वराडी यांनी १०० लठ्ठ व्यक्तींवर वर्षभर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका दिवसाआड अगदी कमी खाणारे आणि रोज थोडे कमी खाणारे, दोन्ही गटांचे वजन जवळपास सारखेच उतरले: सहा टक्के आणि पाच टक्क्यांहून थोडे अधिक. स्नायूंच्या बाबतीतही दोन गटांत लक्षणीय फरक नव्हता. पण उपासाचा क्रम मध्येच सोडणारे जास्त होते, ३८ टक्के. रोज थोडे कमी खाणाऱ्यांत २९ टक्के.

बाथ आणि शिकागो यांचे निष्कर्ष एकमेकांविरुद्ध वाटतात, पण त्यांचा मेळ बसतो. ज्याच्या अंगावर चरबी भरपूर आहे, त्याचे वजन घटताना चरबीचा वाटा मोठा असतो. जो आधीच सडपातळ आहे, त्याच्या घटीत स्नायूंचा वाटा मोठा असतो. अमेरिकेतले गिल्बर्ट फोर्ब्स यांनी हा संबंध फार पूर्वी दाखवून दिला. शिवाय शिकागोत ‘उपासाच्या’ दिवशीही गरजेच्या पाव हिस्सा अन्न होते. बाथमध्ये ताट पूर्ण रिकामे होते. तेव्हा शंभर किलो वजनाच्या गृहस्थाला मानवलेली पद्धत पंचेचाळीस किलोच्या मुलीने उचलू नये. कॉलेजात जाणाऱ्या, हातपाय काडीसारखे असलेल्या मुली पोट सपाट व्हावे म्हणून दिवस दिवस उपाशी राहतात, तेव्हा मला खरोखर काळजी वाटते.

या विषयाला आपल्याकडे एक मोठा इतिहास आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. फर्ग्युसनचे विद्यार्थी, लंडनला पीएच.डी., नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत वीस-एक वर्षे संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. निवृत्तीनंतर ते पुण्यात आले आणि माणसाच्या रोजच्या खाण्यातल्या चढउतारावरच त्यांनी लक्ष केंद्रित केले.

पार्श्वभूमी अशी होती. १९५५ साली ब्रिटनमध्ये एडहोम, विडोसन आणि मॅक्कान्स यांनी १२ लष्करी कॅडेटांचे खाणे आणि श्रम दोन आठवडे मोजले. ज्या दिवशी जास्त श्रम, त्याच दिवशी जास्त खाणे, असे काही आढळेना. दिवसाचा मेळ लागेना, पण दोन आठवड्यांचा लागत होता. सुखात्मे आणि कॅलिफोर्नियाचे शेल्डन मार्गन यांनी ठराविक आहारावर ठेवलेल्या निरोगी माणसांच्या नत्राच्या, म्हणजे प्रथिनांच्या, जमाखर्चाच्या नोंदी तपासल्या. आहार तोच असूनही जमाखर्च दिवसागणिक खालीवर होत होता, आणि आजचा चढउतार कालच्याशी बांधलेला होता. त्यावरून त्यांनी मांडले की शरीर स्वतःचे नियमन स्वतः करते. म्हणून आठवडाभराचे खाणे सरासरी गरजेपेक्षा कमी आढळले एवढ्यावरून कोणाला कुपोषित म्हणता येत नाही.

हे म्हणणे पुण्यातच वादाचे ठरले. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१च्या आपल्या ग्रंथात दरडोई २,२५० कॅलरींच्या आधारे दारिद्र्याची मोजणी केली होती. सुखात्म्यांच्या हिशेबाने उपाशी माणसांची संख्या बरीच खाली येत होती. दांडेकरांनी त्याला कसून विरोध केला, आणि पोषणशास्त्राच्या बाजूने सी. गोपालन उभे राहिले. अमेरिकेच्या डेव्हिड सेक्लर यांनी ‘लहान पण निरोगी’ अशी कल्पना मांडली, तेव्हा गोपालन यांनी ती सपशेल नाकारली. खुरटलेले शरीर हे जुळवून घेण्याचे यश नाही, असे ते सांगत राहिले.

या वादात माझा कौल असा आहे. पुरेसे खाणाऱ्या माणसाच्या बाबतीत सुखात्मे बरोबर होते. लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त गेल्या आणि दुसऱ्या दिवशी भूक लागली नाही, तर त्यात बिघडत काहीच नाही. शरीर आठवड्यांच्या मापाने सांभाळून घेते. पण ज्याची सरासरीच वर्षानुवर्षे खाली आहे, त्याचे शरीर जुळवून घेते ते स्नायू कमी करून, हालचाल कमी करून, आणि मूल असेल तर वाढ कमी करून. या जुळवून घेण्याला निरोगीपणा म्हणणे मला मान्य नाही. बीडकडून साखरपट्ट्यात ऊसतोडीला येणारी जोडपी अंधारात फडात उतरतात आणि दिवसभर वाकून कोयता चालवतात. त्यातल्या बाईच्या शरीराने ‘नियमन’ केले म्हणून तिच्या ताटातली तूट क्षम्य ठरत नाही. सुखात्म्यांचा आणखी एक आग्रह होता, की पोटभर अन्न मिळाले तर प्रथिनांचा प्रश्न बहुतांशी आपोआप सुटतो. ज्वारी-बाजरी, डाळ, ताक असे ताट असेल तर तो बराच खरा आहे. पांढरा तांदूळ, बटाटा, साखर आणि बिस्किटे यांनी पोट भरत असेल तर तो खरा राहत नाही. पन्नास वर्षांत आपले ताट त्या दुसऱ्या बाजूला सरकले आहे.

उपासमार संपल्यावर काय होते, हे सर्वांत स्पष्टपणे दाखवले मिनेसोटाच्या प्रयोगाने. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कळावे म्हणून ॲन्सेल कीज यांनी तो केला. शस्त्र हाती धरायला सद्सद्विवेकाने नकार दिलेले ३६ तरुण स्वखुशीने तयार झाले. २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींवर ठेवले: बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी. आठवड्याला ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे. त्यांचे वजन जवळजवळ पाव भागाने घटले. ते ताटल्या चाटत, पाककृतींची पुस्तके जमवत, दिवसभर अन्नाशिवाय दुसरे काही बोलत नसत. ज्या तरुणांनी दुसऱ्यांच्या मुखी अन्न पडावे म्हणून स्वतःची ही दशा करून घेतली, त्यांच्याबद्दल मला अतिशय आदर वाटतो.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने पुढचा भाग महत्त्वाचा. पुन्हा खायला मिळाल्यावर वजन परत आले, ते कोणत्या रूपात? चरबी आधी आली आणि स्नायू मागे राहिले. मनसोक्त खाण्याची मुभा मिळालेल्यांची चरबी पहिल्यापेक्षा बरीच जास्त झाली, तेव्हाही स्नायू पुरते भरून आले नव्हते. पुढे स्वित्झर्लंडच्या फ्रिबुर्ग विद्यापीठातले अब्दुल दुल्लू यांनी हीच जुनी आकडेवारी नव्याने तपासली. स्नायूंची तूट जोवर भरत नाही तोवर भूक शमत नाही, आणि मध्यंतरी खाल्लेल्यातले जास्तीचे चरबीत जाते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. दर वर्षी लग्नसराईआधी महिनाभर उपाशी राहून आठ किलो घटवणारा आणि पावसाळ्यापर्यंत नऊ किलो परत मिळवणारा माणूस याच वाटेने जातो. वजन एका किलोने वाढलेले दिसते. शरीरात स्नायू कमी आणि चरबी जास्त असा बदल त्याहून मोठा झालेला असतो.

दिवसादिवसांतला चढउतार झाला. एकाच दिवसाच्या आतला चढउतार हा वेगळा प्रश्न आहे. अटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे डॅन बेनार्डो आणि सहकारी यांनी २००० साली ६२ अव्वल दर्जाच्या जिम्नॅस्ट आणि धावपटू स्त्रियांच्या खाण्याचा आणि श्रमाचा तासातासाचा हिशेब मांडला. ज्यांच्या दिवसात मोठ्या तुटीचे तास जास्त, त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त आढळले. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सिद्ध होत नाही. अंगावर चरबी आहे म्हणून ती मुलगी सकाळी उपाशी राहत असेल, हेही शक्य आहे. त्याआधी १९९६ साली जपानमध्ये १२ मुष्टियोद्ध्यांना दोन आठवडे दिवसाला १,२०० कॅलरींवर ठेवले होते. निम्म्यांनी ते अन्न दोन वेळांत खाल्ले, निम्म्यांनी सहा वेळांत. वजन दोघांचे सारखेच घटले, पण दोनदा खाणाऱ्यांच्या घटीत स्नायूंचा वाटा जास्त होता. संख्या छोट्या आहेत, तरी दिशा बाथच्या प्रयोगासारखीच दिसते.

बाथच्याच मंडळींनी नाश्त्याचाही अभ्यास केला होता. सहा आठवडे दुपारपर्यंत काही न खाणाऱ्यांचे वजन नाश्ता करणाऱ्यांपेक्षा वेगळे झाले नाही. ते सकाळच्या वेळी कमी हलत होते इतकेच. सकाळी खाल्ले नाही तर लठ्ठ व्हाल, असा जो धाक घातला जातो त्याला आधार नाही. नाश्ता वगळल्याचा तोटा मला दिसतो तो प्रथिनांच्या बाजूने. टेक्सासमध्ये डग्लस पॅडन-जोन्स यांच्या चमूने २०१४ साली दाखवले की दिवसाची सुमारे ९० ग्रॅम प्रथिने तिन्ही जेवणांत तीस-तीस अशी वाटली, तर चोवीस तासांत स्नायूंची बांधणी २५ टक्के जास्त होते. सकाळी दहा, दुपारी पंधरा आणि बाकी सगळी रात्री, अशी खाल्ली तर कमी. मात्र २०२३ साली नेदरलँड्समधून आलेल्या प्रयोगात व्यायामानंतर एकाच वेळी १०० ग्रॅम प्रथिने घेतलेल्या तरुणांच्या शरीराने ती वाया घालवली नाहीत. बारा तास आणि त्यापुढेही हळूहळू वापरली. म्हणजे घड्याळ लावून तीस ग्रॅम मोजत बसण्याची गरज तरुण, कसरत करणाऱ्या माणसाला नाही. आपल्याकडच्या साठीपुढच्या माणसाचे तसे नाही. त्याची दिवसाची बेरीजच जेमतेम असते, एका जेवणातून तेवढे पचवण्याची भूकही त्याला नसते. त्याने प्रत्येक वेळच्या खाण्यात थोडे प्रथिन ठेवणे हाच बेरीज वाढवण्याचा व्यवहार्य मार्ग आहे.

आता आपल्या स्वतःच्या शरीरांकडे येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचे ३.५ किलो. पुण्याची बाळे हातापायांनी, पोटाने बारीक होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण त्वचेखालची चरबी, विशेषतः पाठीवरची, फारशी कमी नव्हती. आपण बारीक जन्मतो, पण चरबी राखून जन्मतो. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे होते हेही त्यात आलेच, पण मुद्दा कायम राहतो.

ज्या समाजात मुळातच स्नायू कमी आणि चरबी जास्त आहे, तिथे स्नायूंची उधळपट्टी परवडत नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेणारा सर्वांत मोठा अवयव म्हणजे स्नायू. तो आटला की मधुमेहाचे दार उघडते, आणि आपल्याकडे ते लवकर उघडते. म्हणून परदेशात लठ्ठ माणसांवर यशस्वी ठरलेली उपासाची पद्धत इथे जशीच्या तशी आणताना दहादा विचार करायला हवा.

मी उपासाच्या विरुद्ध बोलत नाही. व्रत हा श्रद्धेचा भाग आहे आणि त्यातून मिळणारे मनाचे बळ मी मानतो. मी फक्त उपासाच्या ताटाविषयी बोलतो आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या आजीपणजींनीच केली. त्यांना हे दिसत होते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे कॅलरी आणि प्रथिने नावालाही नाहीत. खिचडीत जे काही प्रथिन असते ते दाण्याच्या कुटाचे. त्याच उपासाला राजगिरा चालतो, दूध-दही-ताक चालते, शेंगदाणे चालतात. पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम प्रथिने, मूठभर शेंगदाण्यांत सात. श्रद्धेला धक्का न लावता ताट बदलता येते.

घरातल्या बाईचे दुखणे यापेक्षा खोल आहे. सोमवारी उपास, गुरुवारी उपास, चतुर्थीला उपास, आणि बाकीच्या दिवशी सगळ्यांचे झाल्यावर उरलेले जेवण. डाळीचे वरचे पाणी तिच्या वाट्याला, अंडे मुलाला, दूध नवऱ्याच्या चहाला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. पंचावन्न किलोच्या बाईला साधारण ४५ ग्रॅम. दोन भाकऱ्या, भात आणि पातळ वरण यांत ती भरत नाहीत. एक वाटी घट्ट उसळ, एक वाटी दही, एक अंडे किंवा मूठभर फुटाणे, एवढी भर पडली की भरतात. हा खर्च फार मोठा नाही. तो तिच्यासाठी करायचा, हे घराने ठरवावे लागते.

आणि स्नायूंना काम. वयस्क निरोगी माणसांना दहा दिवस नुसते अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हा पायांतले जवळजवळ एक किलो स्नायू गेले. त्यांना त्या काळात जेवण व्यवस्थित मिळत होते. उलट, कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुणांना महिनाभर गरजेपेक्षा ४० टक्के कमी खायला दिले, पण कसून व्यायाम करवला आणि प्रथिने भरपूर दिली, तेव्हा चरबी घटत असताना स्नायू सव्वा किलोने वाढले. म्हातारपणी एवढे जमणार नाही. पण जिने चढणे, खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, भरलेली कळशी उचलणे, एवढे आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने केले तर स्नायूंना टिकून राहण्याचे कारण मिळते.

तीन इशारे देणे माझे कर्तव्य आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्याआधी विचारावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी तर उपासाचा आग्रह सोडावाच, आणि सासरच्या मंडळींनी तो धरू नये.

शेवटी तुमच्याकडे एक मागणे आहे. नुसत्या वजनकाट्यावर विश्वास ठेवू नका. कमरेचा घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८०च्या आत असावा. घरातल्या साठी ओलांडलेल्या माणसाला हाताचा आधार न घेता खुर्चीवरून लागोपाठ पाच वेळा उठायला-बसायला सांगा. त्याला बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर त्याला आणखी एक उपास धरायला किंवा जेवण कमी करायला सांगू नका. त्याच्या ताटात उसळ आणि दही वाढवा, त्याला रोज चालते करा, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलात की साखर आणि रक्तदाब यांच्याबरोबर त्याच्या स्नायूंबद्दलही विचारा.